णिर्दोष

निवृत्त पोलिसाला लोक खुनाच्या आणि दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मीही सांगतो, चहा होईपर्यंत वेळ जातो. पण खरं सांगायचं तर त्या खुनांमधले चेहरे आता मला आठवत नाहीत. ज्या प्रकरणाचा साधा गुन्हासुद्धा दाखल झाला नाही, जे एका अर्जावर सुरू झालं आणि स्टेशन डायरीतल्या दोन ओळींत संपलं, ते मात्र अजून माझी पाठ सोडत नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी वसईला फौजदार होतो. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पोलीस ठाण्याची जीप बहुधा दुरुस्तीला असे आणि आम्ही सायकलवर असू. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच दिवशी दुपारी एका हायस्कूलचे मुख्याध्यापक तक्रार अर्ज घेऊन आले. दहावीच्या सहामाही परीक्षेच्या गणिताच्या उत्तरपत्रिकांचा अख्खा गठ्ठा शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटातून नाहीसा झाला होता. कुलूप शाबूत होतं आणि किल्ली शिपायाकडे असे. मुख्याध्यापकांचा संशय त्याच्यावरच होता, आणि तसं त्यांनी अर्जात लिहूनही टाकलं होतं.

मी म्हणालो, "गुरुजी, जुने पेपर चोरून कोण काय करणार? रद्दीवालासुद्धा घेणार नाही."

त्यांनी चष्मा पुसला. "साहेब, हे पेपर साधे नाहीत. याच्यावरून बोर्डाचे फॉर्म ठरायचेत."

मग त्यांनी पद्धत समजावून सांगितली. दिवाळीनंतर दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरले जात. सहामाहीत जे नापास होत त्यांचा फॉर्म शाळा पुढे पाठवत नसे. याला ते 'फॉर्म अडवणं' म्हणत. कच्ची मुलं परीक्षेला बसलीच नाहीत की शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, आणि जूनमध्ये फाटकावर फळा लावता येतो. फॉर्मची शेवटची तारीख आठवड्यावर आली होती. गणितात काही जण अडणार हे सरांनी सुट्टीआधीच वर्गात सांगून ठेवलं होतं. पालकांना पेपर दाखवल्याशिवाय कोणाचा फॉर्म अडवता येत नसे. आता पेपरच नाहीत, तर अडवायचं कसं? मुख्याध्यापक खरोखरच घाईला आले होते.

मी मान डोलावली आणि शिपायाला बोलवायला सांगितलं. सरळ रस्ता दिसला की पोलीस आडवाटेला जात नाही. माझी पहिली चूक इथेच झाली. काय चोरीला गेलं हे मी विचारलं आणि कोणी चोरलं हेही विचारलं. त्या पेपरांची अवस्था काय होती, ते तपासलेले होते की तपासायचे, एवढा साधा प्रश्न मला सुचला नाही.

शिपाई पन्नाशीचा, जवळच्याच गावातला ख्रिस्ती माणूस. घरी केळीची छोटी वाडी होती आणि शाळेत वीस-बावीस वर्षं नोकरी झाली होती. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, तो हा वाजवायचा. येऊन बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला. विचारेल त्याला एकच उत्तर.

"मी नाय घेतले, सायब."

"मग कोणी घेतले?"

यावर तो गप्प बसे. गुन्हेगार या प्रश्नाला पटकन कोणाचं तरी नाव सांगतो. निरपराध माणूस 'मला काय माहीत' म्हणतो. हा दोन्ही करत नव्हता, नुसता खाली बघत होता. माणसांची पारख असल्याचा मला तेव्हा गर्व होता आणि त्या गप्प बसण्याचा मी सोयीचा अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशीही तेच. मुख्याध्यापकांनी त्याला कामावरून बंद केल्याचा निरोप सकाळीच पाठवला होता. वरून दिवाळीतल्या बंदोबस्ताचा थकवा, एका मोर्चाचे कागद आणि साहेबांचा फोन. मी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि त्याला हात पुढे करायला सांगितला. त्याने शाळेतल्या पोरासारखा उजवा हात पुढे केला. किती मारल्या ते मी मोजलं नाही. हवालदाराने मारलं असं लिहिता आलं असतं, पण तो तेव्हा बाहेर होता. मीच मारलं.

त्याने छातीवर क्रूस केला, तोही डाव्या हाताने, कारण उजव्याची बोटं मिटत नव्हती. मग म्हणाला, "आठ दिस जाऊ द्या सायब. मग काय ते करा."

आठ दिवसांनी काय होणार आहे, हेही मी विचारलं नाही. त्याला संध्याकाळी घरी सोडलं आणि रोज हजेरीला यायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशीच्या टपालात पोलीस ठाण्याच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. खाली नाव नव्हतं. अक्षर गोल आणि नेटकं होतं. मजकूर असा:

"शिपाई णिर्दोष आहे. त्याणे काही केले णाही. पेपर त्याच्याकडे णाहीत. त्याला मारू णका."

हवालदार कोकणातला, जिभेला हाड नसलेला. कार्ड मोठ्याने वाचून खो खो हसला. "साहेब, खबऱ्याला सर्दी झालेली दिसतेय. नाकातून लिहिलंय." ठाणे अंमलदारही हसला. मी कार्ड फायलीत टोचलं आणि जेवायला घरी गेलो.

जेवताना घास तोंडातच राहिला. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "काही नाही. मला तो माणूस सापडला."

ते कसं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. मी खानदेशातल्या एका खेड्यातला. आमच्या घरी पाण्याला पानी म्हणत, लोण्याला लोनी आणि कोणाला कोन. पाचवीला तालुक्याच्या शाळेत गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी माझ्याकडून धडा वाचून घेतला आणि प्रत्येक चुकलेल्या न ला एक छडी दिली. महिन्याभरात माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, की न वाईट आणि ण चांगला. मग मी सगळीकडेच ण लिहायला लागलो. णदी, मण, वण, णारळ. गुरुजींनी मला त्याबद्दलही मारलं. म्हणून सांगतो, ते कार्ड अडाण्याने लिहिलेलं नव्हतं. ज्याच्या घरात पानी म्हणतात आणि ज्याला शाळेत त्याबद्दल बोलणी बसतात, असं पोर ते लिहिणार. मी ते पोर होतो, त्यामुळे मला पुरावा लागला नाही.

दुपारी शाळेत गेलो. मराठीच्या बाईंकडे दहावीच्या निबंधाच्या वह्या मागितल्या. वह्या तरी पुऱ्या आहेत का तेवढं बघायचंय अशी थाप मारली. सत्ताविसाव्या की अठ्ठाविसाव्या वहीत मिळालं. जूनमधल्या पानांवर 'पानी', 'आनि', 'कोनी' आणि प्रत्येकाभोवती लाल गोल. एका पानाखाली बाईंचा शेरा होता, 'न आणि ण यांतला फरक शिका. पन्नास वेळा लिहा.' पुढच्या पानावर पन्नास वेळा 'पाणी' लिहिलं होतं. ऑगस्टपासून पुढे वहीत न जवळजवळ दिसेनासा झाला होता. अक्षर तेच, गोल आणि नेटकं.

बाईंनी वही बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही मुलगी? साहेब, ही कोळीवाड्यातली. फार कष्टाळू आहे हो. आज आलेली नाही. हिचं काय?"

"काही नाही. पत्ता द्या."

पाचूबंदरच्या त्या कोळीवाड्यात मी साध्या कपड्यांत गेलो आणि हवालदाराला किल्ल्याच्या वळणावरच थांबवलं. कोळीवाड्यात खाकी दिसली की अर्ध्या तासात घराघरात बातमी जाते, आणि मुलीच्या घरी पोलीस आला होता हे तिच्या लग्नापर्यंत लोक विसरत नाहीत. दुपारची वेळ होती. काठ्यांच्या मांडवावर बोंबील वाळत घातले होते आणि त्यांच्याखाली सावलीत मुलीची आई जाळं निवडत होती. मुलगी ओट्यावर भूमितीचं पुस्तक उघडून बसली होती. तिने मला पाहिलं आणि ओळखलं असावं, कारण पुस्तक हळूच मिटलं.

मी शाळेकडून आलोय एवढंच आईला सांगितलं. ती लगबगीने उठली. "बसा सायब. पानी आनू?"

"आई!" मुलगी एकदम म्हणाली. "पानी नाय. पाणी. पाणी आणू."

आई ओशाळली आणि हसली. "ही अशी. आता मना बोलाया पन देत नाय."

मला वाटतं, त्या क्षणी मला त्या पोरीची जेवढी दया आली तेवढी आणखी कोणाची आली नसेल. आई पाणी आणायला आत गेली आणि मी विचारलं, "कार्ड तू टाकलंस?"

तिने उलट विचारलं, "शिपाईकाकांना सोडलं का?"

"पेपर कुठे आहेत?"

ती घरात गेली. माळ्यावरून जुन्या जाळ्यात गुंडाळलेला गठ्ठा घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. मागोमाग आई तांब्या घेऊन आली आणि गठ्ठ्याकडे बघत उभीच राहिली. मग मुलीने सगळं सांगितलं. खाली बघून सांगत होती, पण काही लपवत नव्हती. सुट्टी लागायच्या दिवशी शाळा सुटल्यावर शिपाई खोली झाडत होता. कपाट उघडं होतं आणि किल्ल्या दाराला लोंबत होत्या. तो पाणी भरायला बाहेर गेला आणि हिने गठ्ठा दप्तरात कोंबला. नुसता स्वतःचा पेपर घेतला असता तर लगेच कळलं असतं, म्हणून सगळेच घेतले.

"गणितात शेवटचे दोन प्रश्न सोडले मी," ती म्हणाली. "सर बोलले, चार-पाच जणांचे फॉर्म अडवणार. नावं सुट्टीनंतर सांगणार. माझं नाव नक्की होतं."

"अडला असता फॉर्म, तर पुढच्या वर्षी बसली असतीस."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "साहेब, तीन वर्षं आईने मला मासळीला हात लावू दिला नाय. हाताला वास येईल, वर्गात पोरी नाक दाबतील म्हणून. मासळीची पाटी ती एकटी वाहते. तिला काय सांगायचं?"

आईच्या हातात तांब्या तसाच होता.

मी विचारलं, "मग समुद्र इतका जवळ असताना पेपर टाकून का दिले नाहीस?"

"गेले होते धक्क्यावर. पण कागदाला नुसता पाय लागला तरी आपण पाया पडतो. मग एवढे सगळे पाण्यात कसे टाकायचे?"

"फक्त पेपर टाकायलाच गेली होतीस ना?"

तिने आईकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मी परत विचारलं नाही. आईच्या हातातला तांब्या खाली गेला आणि पाणी ओट्यावर सांडलं. ते पुसायचं कोणाला सुचलं नाही. आईने तिला ओढून जवळ घेतलं आणि कितीतरी वेळ तिचं डोकं छातीशी धरून ठेवलं.

मी गठ्ठा उचलला. सुतळीला शाळेची गाठ तशीच होती. "उघडून बघितलं नाहीस?"

"धीर नाय झाला."

मी गाठ सोडली. पहिल्याच पेपरावर लाल शाईत गुण दिसले. सगळे पेपर तपासलेले होते. सरांनी सुट्टीआधीच तपासून, बेरजा करून बांधून ठेवले होते. मी तिचा हजेरी क्रमांक विचारला आणि पेपर शोधून काढला. एक्केचाळीस. पस्तिसाला पास. तिची अख्खी दिवाळी ते एक्केचाळीस गुण माळ्यावर जाळ्यात पडून होते.

मी पेपर तिच्यापुढे धरला. मला वाटलं, आता रडेल किंवा हसेल. तिने आकडा दोनदा वाचला आणि म्हणाली, "म्हणजे काकांना फुकटच मार बसला."

गठ्ठा पिशवीत घालून मी निघालो.

शाळेत परतून गणिताच्या सरांना बाजूला घेऊन विचारलं, "गुण तुमच्याकडे होते?"

"होते ना. माझ्या डायरीत आहेत."

"मग सांगितले का नाहीत?"

"सुट्टीत मुलं ढिली पडतात. धाक असला की चार पानं वाचतात. आणि साहेब, तुम्ही मला विचारलंच नाहीत."

त्यांच्यावर चिडायचा मला अधिकार नव्हता. माझा मुलगा तेव्हा नववीत होता आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी मी आतून पट्टी मागवत असे. वाईट माणसं मी पुष्कळ पाहिली, पण या प्रकरणात मला एकही सापडलं नाही. सर, बाई, मुख्याध्यापक, मी, सगळे आपापल्या परीने पोरांचं भलंच करत होतो.

मुख्याध्यापकांच्या टेबलावर मी गठ्ठा ठेवला. म्हणालो, "कपाटामागे पडला होता. तुमच्या लोकांनी नीट बघितलं नाही."

त्यांनी गठ्ठा नाकाजवळ नेला. "कपाटामागे बोंबील वाळत घालतात वाटतं?"

"गुरुजी, अख्ख्या वसईला बोंबलाचा वास येतो. लिहून द्या, पेपर शाळेतच मिळाले, तक्रार नाही. आणि शिपायाला उद्यापासून कामावर घ्या."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी नजर हटवली नाही. त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. शेवटी त्यांनी पेन उचललं. मी खोटी नोंद केली, हे आज कबूल करतो. तिचा फॉर्म गेला. सहामाहीत खरोखर नापास झालेली चार मुलं होती. त्यांच्याबद्दल मी शब्द टाकला, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "तो शाळेचा प्रश्न आहे." मी वाद घातला नाही. त्या चौघांचं पुढे काय झालं हे मला माहीत नाही आणि मी माहिती काढलीही नाही.

संध्याकाळी शिपायाच्या वाडीत गेलो. हात बघायला मागितला तर त्याने पाठीमागे घेतला. मी माफी मागितली. नोकरीत असताना मी माफी मागितल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

"तुला माहीत होतं ना?" मी विचारलं.

"पोरीला जाताना बघितलं मी. दप्तर फुगलेलं."

"मग बोलला का नाहीस? नोकरी गेली असती तुझी."

त्याने वाडीच्या टोकाकडे बोट केलं. तिथे बावखल होतं. वाडीला पाणी देण्यासाठी खणलेल्या तळ्याला इकडे बावखल म्हणतात. काठावर एक पंचविशीची मुलगी कपडे धूत होती आणि थोड्या अंतरावर तिची आई नुसतीच बसून होती.

"माझी पोरगी, सायब. आठ वर्षांमागं फॉर्म अडवला तिचा. त्याच शाळेत. घंटा मीच वाजवीत होतो." तो तिकडेच बघत होता. "तेव्हापासून आमी तिला बावखलावर एकटी सोडत नाय. कपडे ती धुते, आई बसते. फॉर्मची तारीख गेली की त्या पोरीचं नाव सांगनार होतो तुमाला. तवर मारा बोललो, माराल तेवढं."

आठ दिस म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी शाळेवरून जाताना घंटा ऐकली. टोले सावकाश आणि वेडेवाकडे पडत होते. तो डाव्या हाताने वाजवत होता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. गप्प बसलेला माणूस नेहमी स्वतःलाच लपवत असतो असं नाही, हे एक. आणि पट्टीने फक्त चूक या टोकाची त्या टोकाला जाते, दुरुस्त होत नाही. न चा ण होतो, एवढंच. हे खरं तर मला पाचवीतच कळायला हवं होतं. त्या आठवड्यात मी घरातली पट्टी बंबात घातली. मुलगा तेव्हापासून प्रगतिपुस्तक स्वतःहून आणून द्यायला लागला.

जूनमध्ये निकाल लागल्यावर पोलीस ठाण्यात आणखी एक पोस्टकार्ड आलं. पुन्हा बिननावाचं, तेच गोल अक्षर.

"साहेब, मी पास झाले. शिपाईकाकांना पहिला पेढा दिला. त्यांचा हात आता बरा आहे. आई म्हणते, त्या दिवशी तुम्ही आमच्याकडचं पानी न पिताच गेलात. एकदा या."

मी ते कार्ड दोनदा, तीनदा वाचलं. प्रत्येक न न होता आणि प्रत्येक ण ण होता. एकच शब्द तसा नव्हता. जिने तो पन्नास वेळा लिहिला होता, तिच्या हातून तो चुकून पडलेला नव्हता. तिने तो आईच्या तोंडचा, तसाच लिहिला होता.

माझ्या बदलीचा हुकूम त्याच आठवड्यात आला. सामान बांधायचं होतं, चार्ज द्यायचा होता. जाऊ, जाऊ म्हणत वर्षं गेली. आता गुडघे चालत नाहीत, आणि ती माऊली असेल की नसेल तेही ठाऊक नाही. तालुक्याच्या शाळेत गेल्यापासून मी घराबाहेर हा शब्द कधी उच्चारला नाही, म्हणून आज इथे लिहितो. ते पानी प्यायचं माझं राहून गेलं.